पायातली गुठळी आणि विश्रांतीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी मला विचारलंच, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने रक्ताच्या गुठळ्यांवर बोलायचं म्हणजे सुताराने सोनारकामाला हात घालण्यासारखं नाही का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देतो आणि मग विषयाकडे वळतो. मी इथे औषधं सांगायला आलेलो नाही, ते काम तुमच्या डॉक्टरांचं. पण एखादा रोग 'कशामुळे' होतो हे माणसाने कसं ठरवलं, ते ठरवताना तो कुठे घसरला, आणि चुकीचं कारण मनात धरून त्याने किती प्रेमाने माणसं मारली, हा प्रश्न मात्र आमच्या घरातला आहे. कारण म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणायचं, हे तत्त्वज्ञानाचे जुने प्रश्न. पायातल्या गुठळीच्या इतिहासात ते जितके स्वच्छ दिसतात तितके फार थोड्या ठिकाणी दिसतात.

आधी शरीराची रचना समजून घेऊ. हृदय रक्त ढकलतं आणि ते पायाच्या बोटांपर्यंत जातं, इथवर ठीक आहे. पण ते परत वर कसं येतं? उभ्या माणसात ते तीन-चार फूट चढून यावं लागतं, आणि पायात काही दुसरं हृदय बसवलेलं नाही. हे काम करतात पोटरीचे स्नायू. आपण चालतो तेव्हा ते आखडतात, मधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या फॅब्रिशियसने १६०३ साली या झडपांवर पुस्तक लिहिलं, पण त्या कशासाठी आहेत हे त्याला नीट उमगलं नाही. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वेला ते उमगलं आणि १६२८ साली त्याने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. गुरूने वस्तू पाहिली, शिष्याने तिचा अर्थ पाहिला.

आता रक्ताचा स्वभाव बघा. त्याने वाहिलं पाहिजे, आणि कापलं तर गोठलंही पाहिजे. वाहायचं विसरलं तर माणूस मरतो, गोठायचं विसरलं तरी मरतो. या दोन धर्मांमधला तोल पायाच्या खोल शिरेत बिघडला, की तिथे गुठळी धरते. बऱ्याचदा झडपेच्या खोबणीतच तिची सुरुवात होते. एक पाय सुजतो, पोटरी दुखते, कातडी गरम आणि लालसर होते. पुष्कळदा मात्र काहीच दिसत नाही. आणि मग त्या गुठळीचा तुकडा सुटला, तर तो वर चढत हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. दम लागतो, छातीत कळ येते, कधी माणूस उभ्या उभ्या कोसळतो. डॉक्टर पायातल्या प्रकाराला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, थोडक्यात डीव्हीटी म्हणतात, आणि फुप्फुसातल्या प्रकाराला पल्मनरी एम्बोलिझम. आज आपल्याला हे एका दमात सांगता येतं. पण पाय आणि फुप्फुस यांचं हे नातं जुळायला एकोणिसावं शतक निम्मं सरावं लागलं.

हा रोग जुना किती? काही लेखक सांगतात की सुश्रुताने सुजलेल्या, दुखऱ्या आणि बरा करायला अवघड अशा पायाचं वर्णन केलं आहे, म्हणून त्याला डीव्हीटी ठाऊक होता. इथे मी हात आवरता घेईन. सुजलेला पाय हत्तीरोगाने येतो, गळवाने येतो, हृदयाच्या दुखण्यानेही येतो. जुन्या ग्रंथातलं एखादं लक्षण उचलायचं आणि त्याला आजच्या रोगाचं नाव चिकटवायचं, यात त्या ग्रंथाचा गौरव होत नाही. सुश्रुताचा गौरव करायला दुसऱ्या गोष्टी आहेत. सूत्रस्थानात त्याने जळवा लावण्याच्या विधीला स्वतंत्र अध्याय दिला आहे, जळवा कोणत्या घ्याव्यात, कशा पाळाव्यात, कशा लावाव्यात, इथपर्यंत. ही जळू आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

नीट ओळखू येईल अशी एक जुनी नोंद फ्रान्समधली आहे. सन १२७१. नॉर्मंडीतला राऊल नावाचा वीस वर्षांचा चांभार. त्याच्या उजव्या पोटरीत दुखू लागलं, सूज मांडीपर्यंत चढली, तरीही सूज फक्त त्याच पायाला. पुढे त्या पायावर जखमा झाल्या. राजा नववा लुई, जो पुढे संत मानला गेला, त्याच्या समाधीपाशी जाऊन त्याने तिथली धूळ जखमांना लावली आणि तो बरा झाला, असं हस्तलिखित सांगतं. चमत्काराचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की लिहिणाऱ्याने 'एकच पाय' ही गोष्ट टिपून ठेवली. साडेसातशे वर्षांनंतर आजही डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात : सूज एका पायाला की दोन्ही?

यानंतरची कथा बाळंतिणींची आहे. अठराव्या शतकातल्या युरोपात बाळंतपणानंतर एक पाय पांढरा पडून सुजण्याचा प्रकार सर्वांच्या ओळखीचा होता. त्याला 'दुधी पाय' म्हणत. समजूत अशी, की बाळाने न प्यायलेलं दूध वाट चुकून पायात उतरतं. हसू नका. त्या काळच्या माहितीत हा तर्क बिनतोड होता. बाळंतपण झालं, दूध आलं, पाय सुजला, आणि रंगही दुधासारखा. क्रम आहे, साम्य आहे, आणखी काय पाहिजे? म्हणून उपाय सांगितला जाई की बाळाला अंगावर भरपूर पाजा. त्याने आईच्या पायाला काही होत नसलं तरी बाळाचं भलंच होत होतं. चुकीच्या सिद्धान्तातून एखादा चांगला सल्ला निघू शकतो, आणि म्हणूनच तो सिद्धान्त लवकर मरत नाही. १८२३ साली लंडनच्या डेव्हिड डेव्हिस या प्रसूतितज्ज्ञाने अशा मृत स्त्रियांच्या विच्छेदनातून दाखवलं की पायात दूध वगैरे काही नाही, दोष शिरांमध्ये आहे. त्या सुजलेल्या आहेत आणि आत रक्त गोठून बसलं आहे.

आता येतो रुडॉल्फ फिर्शो. जन्म १३ ऑक्टोबर १८२१, प्रशियातला. हा माणूस म्हणजे एक प्रकरणच होतं. १८४८ साली सरकारने त्याला अप्पर सायलेशियात टायफसची साथ तपासायला पाठवलं. परत येऊन त्याने अहवाल दिला की या साथीवर औषध म्हणजे शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न. त्याच वर्षी बर्लिनच्या रस्त्यांवर क्रांतिकारकांबरोबर उभा राहिला, त्यापायी बर्लिन सोडावं लागलं. पुढे संसदेत बिस्मार्कचा कट्टर विरोधक म्हणून गाजला.

तो पंचविशीत होता तेव्हा युरोपातल्या विकृतिशास्त्रावर पॅरिसच्या क्रूव्हेलिएचा दबदबा होता. त्याचं मत असं, की जवळजवळ सगळ्या रोगांच्या मुळाशी शिरांचा दाह असतो. फुप्फुसात गुठळी सापडली, तर ती तिथल्याच दाहाने तिथेच तयार झाली. फिर्शोने साधी शंका काढली : ती तिथलीच कशावरून? प्रवास करून आली नसेल कशावरून? विच्छेदनात त्याला फुप्फुसातल्या गुठळीबरोबर अनेकदा पायातही गुठळी दिसत होती. पण सोबत दिसणं म्हणजे कारण नव्हे, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे तुकडे आणि गुठळ्या सोडल्या, आणि नंतर त्या वस्तू फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत सापडल्या. रबराचा तुकडा काही दाहाने फुप्फुसात उगवत नाही! प्रवास सिद्ध झाला. थ्रॉम्बोसिस आणि एम्बोलिझम हे शब्द त्यानेच रूढ केले. एक म्हणजे जागेवर धरलेली गुठळी, दुसरा म्हणजे वाहत येऊन बसलेला बोळा.

आजच्या प्रत्येक वैद्यकीय पुस्तकात 'फिर्शोचं त्रिकूट' असतं. गुठळी तीन गोष्टींमुळे होते : रक्ताचा प्रवाह मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं, आणि खुद्द रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं. गंमत अशी की या स्वरूपात, या नावाने फिर्शोने ते कुठे मांडलेलं नाही. ते नाव विसाव्या शतकात लोकांनी दिलं. पण कल्पना मोलाची आहे. ती सांगते की 'कारण एकच असतं' हा आग्रह सोडा. नितंबाचं हाड मोडलेली म्हातारी घ्या : ती पडून आहे म्हणून प्रवाह मंद, हाड मोडताना शिरेला धक्का, आणि इजा झालेलं शरीर रक्त घट्ट करायच्या मागे लागलेलं. तिन्ही दोऱ्या एकत्र वळल्या की फास तयार होतो. गरोदर आणि बाळंतीण स्त्री, कर्करोगाचा रुग्ण, मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस, प्रत्येकाच्या बाबतीत दोऱ्यांची जाडी वेगळी, पण दोऱ्या याच.

आणि आता इतिहासातलं सर्वांत दुःखद वळण. गुठळी सुटून फुप्फुसात जाते, हे कळलं. मग शहाण्या माणसाने काय निष्कर्ष काढला? की रुग्णाला हलू देऊ नका! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गुठळीच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे पाठीवर निजवून, पाय उंच करून, फळ्यांना बांधून ठेवत. बाळंतीण आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण यांनाही दोन-तीन आठवडे खाटेवरून उतरायची बंदी असे. तर्काच्या दृष्टीने पाहा. पहिलं विधान खरं : गुठळी सुटली तर माणूस मरतो. दुसरं विधान पटण्याजोगं : हालचालीने ती सुटेल. निष्कर्ष : निश्चल ठेवा. पण याच निश्चलतेमुळे प्रवाह मंदावतो आणि नव्या गुठळ्या धरतात, ही बाजू कोणी मोजलीच नाही. आणि निजवलेला रुग्ण दगावला, तर लोक म्हणत, 'एवढी काळजी घेऊनही गेला.' काळजीमुळे गेला असेल, असं म्हणायची कोणाची छाती होणार?

इतर उपाय काय होते? १९०८ साली जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग याने छाती उघडून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतून गुठळी काढायची धाडसी शस्त्रक्रिया मांडली. त्याचा स्वतःचा एकही रुग्ण घरी गेला नाही. पहिलं यश मिळालं ते त्याचा शिष्य किर्शनर याला, १९२४ साली.

निश्चलतेच्या सिद्धान्ताला धक्का दिला तो युद्धाने. १९४० च्या शरद ऋतूत लंडनवर रोज रात्री बाँब पडत होते. लोक तळघरांत आणि आसरागृहांत रात्री काढत, तिथे निजायला जागा नसे, म्हणून कापडी आरामखुर्च्यांवर बसून झोपत. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांड्याने मांडीची मागची बाजू तासन्‌तास दाबली जाई. न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांच्या लक्षात आलं की शवागारात फुप्फुसातल्या गुठळीने अचानक मेलेल्या माणसांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा साधारण सहापट झाली आहे. बाँबपासून वाचलेली माणसं खुर्चीने मारली होती. त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं आणि उपाय सुचवला तो औषधाचा नव्हता, आसऱ्यांत झोपायला बाकं-फळ्या बसवा असा होता.

याच सुमारास अमेरिकेत डेट्रॉइटचे लाइटहाउझर हे सर्जन शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना पहिल्याच दिवशी उठवून चालवू लागले होते. युद्धात खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा नाइलाजाने इतरांनीही तेच केलं, आणि रुग्ण लवकर बरे होताना दिसले. १९४७ साली लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणावर पडून राहण्याचे धोके याच विषयावर एक तिखट लेख लिहिला. शरीराच्या एकेका अवयवाला खाट काय करते याची त्यात यादी होती, आणि शिरांतली गुठळी त्या यादीत होती. पुढे १९५४ साली बोस्टनच्या जॉन होमन्स यांनी विमानात, मोटारीत आणि नाटकगृहात तासन्‌तास बसल्यामुळे झालेल्या गुठळ्यांची नोंद केली. विमानातल्या स्वस्त वर्गाच्या नावाने या प्रकाराला पुढे टोपणनाव मिळालं. ते नाव फसवं आहे, कारण पहिल्या वर्गात बसून राहिलं तरी पोटरी बसूनच असते. आपल्या लाल डब्यात मधल्या सीटवर रात्रभर अवघडून बसणाऱ्यालाही हाच नियम लागू.

आता औषधांकडे येऊ. आणि इथे जळू परत आली बघा. जळू चिकटली की रक्त थांबत नाही, हे सुश्रुतापासून सर्वांना माहीत होतं. १८८४ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हेक्राफ्ट यांनी दाखवलं की जळवेच्या तोंडात रक्त गोठू न देणारा पदार्थच आहे. त्याला पुढे हिरुडिन हे नाव पडलं.

हेपॅरिनची गोष्ट याहून मजेशीर. १९१६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्या हाताखाली रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृताच्या अर्कात त्याला मिळाला नेमका उलटा, रक्त गोठू न देणारा. हॉवेल यांनी १९१८ मध्ये यकृताच्या ग्रीक नावावरून त्याला हेपॅरिन म्हटलं. पण माणसाला टोचता येईल इतका शुद्ध माल तयार करायला टोरांटोत इन्शुलिनवाले चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे सहकारी, व स्टॉकहोममध्ये योर्पेस, यांना बरीच वर्षं घालवावी लागली. १९३५ साली तो पहिल्यांदा रुग्णांना दिला गेला. श्रेय कोणाचं यावर नंतर खूप वाद झाला. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो यात, की हवं होतं त्याच्या उलट हाती आलं तेव्हा त्या पोराने ते फेकून दिलं नाही.

तिसरी कथा गोठ्यातली. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं विचित्र पद्धतीने मरू लागली. शिंग कापलं, खच्चीकरण केलं, की रक्त थांबेचना. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांचा संशय स्वीट क्लोव्हर या चाऱ्यावर गेला. हे पीक आपल्याकडच्या लसूणघासाच्या कुळातलं. त्यांनी एकाच गंजीतला चांगला चारा एका सशाला आणि बुरशी लागलेला दुसऱ्या सशाला दिला. पहिला ठणठणीत राहिला, दुसरा रक्तस्रावाने मेला. दोन ससे, एक गंजी, फरक फक्त बुरशीचा. कार्यकारणभाव शिकवताना मी याहून चांगलं उदाहरण देऊ शकणार नाही. (हेच स्कोफिल्ड त्याआधी कोरियात होते, आणि १९१९ मध्ये जपानी राजवटीने तिथे केलेल्या अत्याचारांची छायाचित्रं काढून त्यांनी ती जगापुढे ठेवली होती. डोळे उघडे ठेवण्याची सवय माणसाला सगळीकडे उपयोगी पडते.)

मग १९३३ चा फेब्रुवारी. मंदीचे दिवस, चांगला चारा विकत घ्यायची ऐपत नाही. विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून तीनशेक किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त, आणि सडका चारा. शनिवार होता, बाकी सगळं बंद. उघडं दार सापडलं ते कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचं. त्या शनिवारी लिंक त्याला 'हा चारा घालू नका' यापलीकडे काही सांगू शकले नाहीत. पण तो विषय त्यांनी सोडला नाही. चाऱ्यातलं ते द्रव्य स्फटिकरूपात हाती यायला १९३९ उजाडलं. त्यातूनच पुढे वॉर्फरिन निघालं. ते आधी १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं. १९५१ साली अमेरिकी सैन्यातल्या एका तरुणाने ते खाऊन जीव द्यायचा प्रयत्न केला आणि व्हिटॅमिन के देऊन तो पूर्ण बरा झाला. म्हणजे विषाला उतारा आहे! मग १९५४ मध्ये ते माणसांसाठी मान्य झालं, आणि दुसऱ्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच देण्यात आलं. तुमच्यापैकी कोणी वॉर्फरिन घेत असेल, तर वरचेवर रक्त तपासावं का लागतं आणि पालेभाजीचं प्रमाण एकसारखं का ठेवायला सांगतात, हे आता लक्षात येईल. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं, म्हणजे उताराच.

औषधं आली, पण त्यांनी माणूस वाचतो हे सिद्ध कसं करायचं? १९६० साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे बॅरिट आणि जॉर्डन यांनी फुप्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी पाच जण गुठळीने मेले, आणखी पाच जणांना ती पुन्हा झाली. औषध दिलेल्या १६ जणांपैकी गुठळीने एकही मेला नाही. इथे त्यांनी चाचणी थांबवली, कारण आता औषध न देणं हे पाप ठरलं असतं. काही संख्याशास्त्रज्ञ आजही म्हणतात की आकडे फार लहान होते. खरं आहे. पण आणखी किती माणसं मेल्यावर आकडा मोठा म्हणायचा? ज्ञानाची भूक आणि समोरच्या माणसाचा जीव यांच्यात कधी थांबायचं, हा प्रश्न कोणत्याही सूत्राने सुटत नाही. त्या दोघांनी तो आपल्या सदसद्‌विवेकाने सोडवला.

प्रतिबंधाच्या बाबतीत एक नाव आपल्याला अभिमान वाटावा असं आहे : लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर. १९६९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खुणेचं तंत्र वापरून शस्त्रक्रिया झालेले १३२ रुग्ण तपासले. ४० जणांच्या पायात गुठळी सापडली, म्हणजे दर दहांत तिघे. त्यांतल्या कित्येकांना काही त्रासच नव्हता. मग १९७५ मध्ये अनेक देशांत मिळून ४१२१ रुग्णांची चाचणी झाली. शस्त्रक्रियेआधीपासून हेपॅरिनचा छोटा डोस दिलेल्या गटात फुप्फुसातल्या गुठळीने दोन मृत्यू, न दिलेल्या गटात सोळा. तेव्हापासून 'होईपर्यंत थांबा' हे धोरण मागे पडून 'आधीच अडवा' हे धोरण आलं. यानंतर गुठळी सोनोग्राफीत दिसू लागली, घरी घेता येणारी इंजेक्शनं आली, आणि या शतकात रक्ततपासणीचा लकडा नसलेल्या गोळ्याही आल्या.

स्त्रियांची एक बाजू राहिली, ती सांगायलाच हवी. १९६१ साली एका इंग्रज डॉक्टरने 'लॅन्सेट'ला पत्र लिहून कळवलं की त्या काळची नवी गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या एका नर्सला फुप्फुसात गुठळी झाली. तेव्हाच्या गोळ्यांत इस्ट्रोजेनचं प्रमाण आजच्या कितीतरी पट होतं. ते कमी करा, असं ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने सांगितलं १९६९ मध्ये. १९७० साली अमेरिकी सिनेटमध्ये यावर सुनावणी झाली, तिथे साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावलेली नव्हती. प्रेक्षकांतल्या तरुणींनी उठून जाब विचारला, आणि त्यातून गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारा कागद घालणं सक्तीचं झालं. आज औषधाच्या खोक्यातून निघणारी ती बारीक अक्षरातली घडी आपण न वाचता फेकतो. तिच्यामागे हे भांडण आहे. आणि तोलाची बाजूही सांगतो : गोळीपेक्षा गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका जास्त असतो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या वैद्यकीय वर्तुळात अनेक वर्षं एक वाक्य फिरत होतं : 'हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे होत नाही.' त्यात सत्याचा अंश आहे. रक्ताची गोठण्याची ओढ वाढवणारा फॅक्टर फाइव्ह लायडन नावाचा आनुवंशिक दोष युरोपीय लोकांत बराच आढळतो आणि पूर्व आशियात जवळजवळ आढळत नाही. पण त्रिकुटातली ही एक दोरी झाली. उरलेल्या दोन दोऱ्यांना वंश नसतो. मोडलेलं हाड, खाटेवरचे आठवडे, कर्करोग, बाळंतपण, हे सगळीकडे आहे. आणि आपल्याकडे अचानक मृत्यू झाला की 'हार्ट अटॅक' असं म्हणून पुढची तयारी सुरू होते, विच्छेदन क्वचित होतं. न शोधलेली गोष्ट सापडत नाही. मग 'सापडत नाही' यावरून 'नाहीच' असा निष्कर्ष काढायचा? अभावाचं ज्ञान कसं होतं, यावर आपल्या नैयायिक आणि मीमांसक मंडळींनी शतकानुशतकं वाद घातला आहे. त्यातली एक अट साधी आहे : वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच 'दिसत नाही' वरून 'नाही' म्हणता येतं. कक्करांचे चाळीस रुग्ण आठवा. खास तंत्र नसतं तर तेही दिसले नसते.

२००८ साली ३२ देशांतल्या रुग्णालयांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. गुठळीचा धोका असलेल्या रुग्णांपैकी योग्य प्रतिबंधक उपाय मिळालेले जगभरात निम्म्याच्या आसपास होते. भारतातल्या रुग्णालयांत हे प्रमाण होतं सुमारे १७ टक्के. म्हणजे सहांतल्या एकाला. आणि धोका असलेल्यांचं प्रमाण मात्र आपल्याकडेही निम्म्याहून जास्त होतं.

शेवटी घरातलं बोलतो. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. तेल लावतात, शेक देतात, खाटेवरून उठू देत नाहीत. यामागचं प्रेम खरं आहे, आणि राबणाऱ्या बाईला तेवढेच दिवस विसावा मिळतो हेही खरं आहे. ते मोडा असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करा : कामातून सुटका आणि खाटेला खिळणं. गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतच सर्वांत जास्त असतो, आणि आपला सव्वा महिना नेमका त्यातच येतो. तिला काम देऊ नका, पण घरात चार पावलं चालू द्या, पाणी पिऊ द्या. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर 'वारा लागला असेल' म्हणून चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. अचानक धाप लागली, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर थेट रुग्णालय. हाड मोडलेल्या आजोबांना, शस्त्रक्रिया झालेल्या आईला दाखल करताना डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, 'गुठळी होऊ नये म्हणून काय करणार आहात?' हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने सुरू करायचं नाही, बंद तर मुळीच नाही.

सिद्धान्त पुस्तकातून जातो, पण हातातून जायला फार वेळ घेतो. 'दुधी पाय' पुस्तकातून दोनशे वर्षांपूर्वी गेला. 'आजाऱ्याला हलवू नका' हे वाक्य पुस्तकातून सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी गेलं, पण आपल्या घरांत ते अजून रोज बोललं जातं, आणि बोलणारे सगळे मायेचेच असतात. फिर्शोचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जगभर थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी हारतुरे करायची गरज नाही. घरात कोणी अंथरुणावर असेल तर त्याच्या पायांकडे एकदा नीट बघा, आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर हाताला धरून त्याला दारापर्यंत चालवून आणा.

आपण सगळे दीड तास एका जागी बसलो आहोत. प्रश्न जरूर विचारा, पण उभं राहून विचारा.